तिच्या बाजूची जागा

...आणि वर मलाच म्हणतात, काका, घाई केलीत! घाई? मी? तुम्हाला सांगतो, सन दोन हजार अठरा, हिवाळा सरत आलेला, फेब्रुवारीची एकोणीस तारीख, सोमवार, सकाळचे साडेनऊ. तारखा मी विसरत नाही. मी सुतार. बेचाळीस वर्षं रंधा मारला. काम हातात कधी घेतलं आणि हातावेगळं कधी केलं, हे मला झोपेतून उठवून विचारा. तर त्या सकाळी कॉम्प्युटर लावला आणि खालच्या कोपऱ्यातून एक पाटी वर आली. सी ड्राइव्हमध्ये जागा शिल्लक नाही. मी म्हटलं, नसेल. पाटी बंद केली. पुन्हा आली. बंद केली. पुन्हा आली... विमा विकणारा माणूससुद्धा तिसऱ्यांदा दार वाजवताना जरा ओशाळतो हो!

आता ही जागा कशाने भरली ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. दरवाज्यांनी भरली. हसू नका. काम थांबवल्यावर मी ठरवलं, आयुष्यभर जे दरवाजे बसवले ते एकदा जाऊन बघायचे आणि मोबाइलवर त्यांची फिल्म घ्यायची. लोकांच्या घरी जायचं, बेल वाजवायची आणि म्हणायचं, "तुमचा दरवाजा माझा आहे." काही बायका घाबरून आत पळायच्या, काही पाणी द्यायच्या. मग दरवाजा उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा... एकेक फिल्म चार मिनिटांची. चार मिनिटं कशाला म्हणून काय विचारता? कुरकुर येत नाही हे दाखवायचं तर वेळ नको का द्यायला? एकदा उघडला तर कुठलाही दरवाजा गप्प बसतो! असे दोनशे चौदा दरवाजे. एकही बोलत नाही.

हे मशीन जावयाने आणून दिलं. त्यावरची अक्षरं आपल्या भाषेत करून दिली आणि आतल्या जागेचे दोन भाग पाडले. मला म्हणाला, "बाबा, हा सी तुमचा, हा डी आईंचा. आता भांडायचं काम नाही." हिचा भाग माझ्यापेक्षा मोठा. का? मी विचारलं नाही. जावयाला असलं काही विचारायचं नसतं.

आणि हिच्या भागात होतं काय? विणकाम. ही विणते. म्हणजे काय विणते ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, मी लाकडाचा माणूस, पण या घरात आलेल्या प्रत्येक पोराच्या अंगात हिचा स्वेटर गेलाय. तर हिने काय केलं, आपल्या मनाने काढलेले सगळे नमुने, एकशे अडुसष्ट, कितव्या ओळीत किती टाके, कुठे घालायचे, कुठे कमी करायचे, हे सगळं एका बोटाने टाइप केलं. एका बोटाने! दोन वर्षं! टक्... टक्... टक्... मी पलीकडे पेपर वाचायचो, एक बातमी वाचून व्हायची तोवर हिचा एक शब्द. प्रत्येक नमुन्याचा फोटो. एक छापखानेवाला म्हणाला होता, मार्चअखेर द्या, पुस्तक करू. हिच्या नावाचं पुस्तक! ही सातवी शिकली, मी चौथी. आमच्या घरात पुस्तकावर नाव म्हणजे आजवर पोरांनी शाळेच्या पुस्तकावर घातलेलं तेवढंच.

आणि हो, हाताने लिहिलेल्या वह्या होत्या, अकरा. त्या रद्दीत गेल्या. मीच म्हटलं होतं, आता सगळं मशीनमध्ये गेलं, या वह्या उगाच जागा खातात. असो.

तर पाटी आली. मी बघितलं, माझी पट्टी लालभडक, काठोकाठ भरलेली. हिची पट्टी? या टोकाला बोटभर निळी, बाकी सगळी रिकामी, मैदान! क्रिकेट खेळा! म्हणजे जागा होती हो. घरातच होती. पण ती पलीकडे होती.

जावयाला फोन करायचा, असं ही म्हणाली. मी म्हटलं, जन्मभर मी काय केलं? लोकांच्या घरात पार्टिशनं घातली. एका खोलीच्या दोन केल्या, दोनाच्या तीन केल्या, भाऊ भाऊ वेगळे झाले तेव्हा फळीला फळी लावून मी मधे भिंत उभी केली आणि दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या. आणि आता एक भिंत हातभर सरकवायला जावयाला बोलवू? ही म्हणाली, "बघा हं." एवढंच. हिचं 'बघा हं' म्हणजे काय ते मला लग्नानंतर दोन महिन्यांत कळलं, पण कळून उपयोग काय?

मग मोबाइलवर एक फिल्म बघितली. एक माणूस हे सगळं शिकवतो. काय बोलतो! श्वास घेत नाही! "मित्रांनो, घाबरू नका, अगदी सोपं आहे, फक्त दोन मिनिटांचं काम आहे, इथे राइट क्लिक करा, श्रिंक करा, झालं, मग इथे राइट क्लिक करा, एक्स्टेंड करा, झालं, आवडलं तर अंगठा दाखवा!" मी चार वेळा बघितली. बुधवारी बसलो. हिच्या डीवर क्लिक केलं, श्रिंक केलं, म्हणजे आक्रसलं. आणि खरंच हो, एक काळी पट्टी निघाली. मोकळी जागा! हातात आली! मग माझ्या सीवर गेलो, एक्स्टेंड... तो शब्द फिका पडलेला. दाबला जात नाही. जोरात दाबला. नाही. का नाही? तर मोकळी झालेली जागा निघाली कुठे? डीच्या पलीकडल्या अंगाला! म्हणजे अशी माझी खोली, मधे हिची खोली, आणि तिच्या पलीकडे मोकळी जागा. माझ्या भिंतीला लागूनच नाही! आता मला सांगा, मधली खोली ओलांडून भिंत कशी सरकायची? जागा होती. डोळ्यांना दिसत होती. पण ती पलीकडे होती.

आणि तो मित्रांनोवाला? तो यावर एक अक्षर बोलला नाही. त्याला अंगठा दाखवायचाच होता मला, पण वेगळ्या अर्थाने.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने हात टेकले असते. पण मी सुतार. मला तोडगा माहीत. मधली खोली आडवी येते ना? मग आधी खोलीतलं सामान बाहेर काढा, दोन्ही बाजूच्या फळ्या उतरवा, मोजून दोरी लावा, नव्या जागी भिंत उभी करा आणि सामान परत आत ठेवा. हा धंद्याचा पहिला नियम. सामान आत ठेवून मी कधी कुणाची भिंत पाडली नाही. बेचाळीस वर्षांत एक कपबशी फुटली नाही माझ्या हातून!

तर गुरुवारी हिचं सामान काढलं. पेनड्राइव्ह आणला. समोर पडद्यावरच हिचा फोल्डर, खाली नाव 'विणकाम', कोपऱ्यात एक चिमुकला बाण. बाण कशाचा? मला वाटलं शोभेचा. ही तिथूनच रोज उघडायची, मी डोळ्यांनी बघितलेलं. उचलला, पेनड्राइव्हवर टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला! मी म्हटलं, वा. दोन वर्षं टक् टक् करून एवढंच? माझा एक दरवाजा जायला सात मिनिटं लागतात. मनात म्हटलंसुद्धा, लोकर ती शेवटी, लाकडापुढे हलकीच.

मग डी पुसला. पुसताना पाटी आली. यातील सर्व माहिती कायमची नष्ट होईल, पुढे जायचे? आता ज्या माणसाने सामान बाहेर काढलंय तो कशाला घाबरेल? हो म्हटलं. आणि मग बघा, सगळी पट्टी काळी, माझ्या भिंतीला लागून! एक्स्टेंड शब्द ठळक झाला! माझा भाग वाढवला, उरलेल्यात हिला नवा डी करून दिला, पांढरा स्वच्छ, रंग दिलेल्या खोलीसारखा. आणि त्याच दुपारी मोबाइलमध्ये साठलेले आणखी बत्तीस दरवाजे आत ओतले. हिला म्हटलं, "बघ. जावई लागला?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझं ठेवलंत ना नीट?" मी म्हटलं, "माझ्या हातून कधी काही फुटलंय?"

रविवारी ही बसली. मी बाहेर पेपर वाचत होतो. टक् नाही. मी कान देऊन ऐकतोय, टक् नाही. मग हाक आली.

"अहो, माझं विणकाम कुठंय?"

"पेनड्राइव्हवर. लाव आणि आत घे."

"लावलाय. उघडत नाही."

"दोनदा दाब."

"दाबलं. म्हणतंय ही वस्तू जागेवर नाही."

मी आत गेलो. मी दाबलं. म्हणतंय, ही वस्तू जागेवर नाही. अहो, नसणारच, जागा मीच पाडली ना! तेवढ्यात हिला तो बाण दिसला. हिने त्यावर बोट ठेवलं; बाण म्हणजे आत जायची नुसती वाट, खरं सामान डीत, हे जावयाने हिला सांगितलेलं. मग एकदाच बोलली. "तुम्ही दारावरची पाटी तेवढी काढून घेतलीत. आणि घर पाडलंत."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांना सरावलोय. ही उठली, मशीन बंद केलं, त्यावर कापड घातलं. हिनेच विणलेलं.

सोमवारी मशीन काखोटीला मारून दुकानात नेलं. जाड चष्म्याचा माणूस, दुकानात सगळीकडे उघडी यंत्रं, आतली आतडी बाहेर. त्याला सगळं सांगितलं. तो ऐकतोय, ऐकतोय, आणि मग चष्मा काढून मला विचारतो, "काका, पण तुम्ही हे केलंत कशाला?"

"जागा पाहिजे होती."

"मग तुमच्या फिल्मा डीमध्ये ठेवायच्या ना! रिकामाच होता!"

"तो हिचा आहे."

"अहो काका, कॉम्प्युटरला नवरा-बायको कळत नाही! उचलायच्या आणि तिकडे टाकायच्या! काही पाडायचं नाही, काही सरकवायचं नाही!"

आता तुम्ही सांगा. बायकोच्या खोलीत मी माझे दरवाजे नेऊन ठेवू? हिच्या लोकरीच्या शेजारी? काही रीत आहे की नाही? मी त्याला म्हटलं, "दुसऱ्याच्या जागेत आपलं सामान ठेवायचं नसतं." तो म्हणाला, "पण दुसऱ्याची जागा घेतलेली चालते?"

मी मशीन त्याच्यापुढे सरकवलं.

मग त्याने शोधाशोध केली. म्हणाला, पुसलेलंसुद्धा खाली असतं, त्याच्यावर दुसरं काही बसलं नसेल तर निघतं. मध्येच माझा एक दरवाजा लावून बघितला. उघडला, मिटला, उघडला... मला म्हणतो, "काका, यात आवाज येत नाही. स्पीकर गेलाय का?" अरे, आवाज नाही हेच तर त्यात बघायचंय! तीन दिवस ठेवून घेतलं मशीन. चौथ्या दिवशी म्हणाला, "तुम्ही गुरुवारी जे बत्तीस दरवाजे टाकलेत ना, ते नेमके काकूंच्या फायलींवर बसलेत." बघा नशीब! एवढं मैदान! उभं आडवं रिकामं! आणि माझे दरवाजे जाऊन बसले कुठे, तर त्या बोटभर निळ्या जागेवर! बाकी सगळीकडे जागा होती हो... पण ती पलीकडे होती.

लिहिलेलं एक अक्षर निघालं नाही. एकोणतीस फोटो निघाले, तेही अर्धे. वरचा भाग स्वेटर, खाली राखाडी भिंत. नुसते गळे. नुसते खांदे. एका फोटोत एक बाही आणि तिच्यातून बाहेर आलेला कुणाचा तरी हात. मी ते हिच्यासमोर ठेवले. ही एकेक बघत गेली. म्हणाली, "हा हात तुमचा आहे." मी बघितलं. माझाच होता. करवतीने कापलेलं नख ओळखीचं.

छापखानेवाल्याला हिने स्वतः फोन केला. काय झालं ते सांगितलं नाही. "जरा अडचण आहे," एवढंच. तो म्हणाला असावा, मग यंदा राहू द्या. ही म्हणाली, "राहू द्या." फोन ठेवला. मग मुलगी, नणंद, भाचरं, शेजारीण, जिथे जिथे हिचे स्वेटर गेलेत तिथे तिथे फोन. असेल तर पाठवा. नाही, मला परत नको, टाके मोजायचेत. अहो, तीस वर्षांपूर्वीचे स्वेटर कोण ठेवतं? काही उसवले, काही बोहारणीला गेले, एकाचं तर म्हणे कुत्र्याचं अंथरूण झालं, तेही हिने मागवून घेतलं! धुऊन! एकशे अडुसष्टातले सत्तेचाळीस जमले. सत्तेचाळीस. बाकीचे जगात नाहीत.

आणि मग ही मोजायला बसली. स्वयंपाकघरात, तिच्या टेबलाशी. आता आमचं घर म्हणजे एकच मोठी खोली, मधे मी घातलेलं फळ्यांचं पार्टिशन. पुढची बाजू माझी, हत्यारं, लाकूड, आता कॉम्प्युटर. मागची बाजू हिची. टेबल तीन फुटांचं. त्यावर स्वेटर पसरला की एक बाही खाली लोंबते. मी पलीकडून ऐकतोय. "एकशे अकरा... एकशे बारा... एकशे तेरा..." मग सरकन आवाज. स्वेटर घसरला. मग पुन्हा "एक... दोन... तीन..."

एक दिवस ऐकलं. दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी मी आत जाऊन म्हटलं, "माझ्या बाजूला ये. मोठं टेबल आहे."

वर न बघता ही म्हणाली, "नको. ती तुमची जागा आहे."

आता याला काय म्हणाल? मी दुकानदाराला सांगितलं तेच माझ्यापुढे आलं. मी तिथेच उभा. आणि उभ्या उभ्या माझी नजर जमिनीवर गेली. पार्टिशनच्या दारातून माझ्या अंगाला, भिंतीपासून दोन फूट अलीकडे, फरशीत सिमेंट भरलेली एक रेघ. भोकं बुजवलेली. माझ्याच हातची. बुजवलेलं काम कुणाला दिसू नये ही माझी शिकवण, पण मला दिसतं.

सन एक्क्याऐंशी. नोव्हेंबर. एका शाळेच्या कपाटांचं काम आलं होतं, सात फुटी, आडवं करायला माझ्या बाजूला जागा पुरेना. हिच्या बाजूला होती. हिला म्हटलं, दोन फूट घेतो. आठ दिवसांसाठी. ही तेव्हा नवी होती, "बरं" म्हणाली. भिंत दोन फूट आत सरकवली. आता टेबल बसेना. पाच फुटी टेबल, लग्नानंतर मीच हिला करून दिलेलं पहिलं काम. ते कापून तीन फुटांचं केलं. आठ दिवसांसाठी. मग दुसरं काम आलं, मग तिसरं, मग त्या दोन फुटांत लाकडाचे तुकडे साठले... हिने त्या टेबलावर कणीक मळली, पोरांची दप्तरं ठेवली, एकशे अडुसष्ट नमुने विणले. मी तुकडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही कुत्र्याच्या अंथरुणाचा स्वेटर परत द्यायला म्हणून बाहेर पडली. जाऊन यायला तीन तास. मी हात घातला.

दोन फुटांतलं लाकूड उपसलं. कधी लागेल सांगता येत नाही म्हणून ठेवलेलं, त्यातलं एकही कधी लागलं नव्हतं. फूट, दीड फूट, वाकलेलं, भुंग्याने पोखरलेलं... आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, एक सागवानी तुकडा, दोन फूट रुंद, दोन पाय तसेच. खालच्या अंगाला पेन्सिलने लिहिलेलं. माझं अक्षर, तेव्हाचं, बरं होतं. 'हिचं टेबल. ८ दिवस.'

बसलो जरा. मग उठलो. पार्टिशन उतरवलं. या खेपेला सामान आधी मोजलं, दोनदा मोजलं, पाटीवर विश्वास ठेवला नाही. जुन्या रेघेवर दोरी लावली, बुजवलेली भोकं उकरली, भिंत जिथल्या तिथे उभी केली. आणि बघा, काही श्रिंक नाही, एक्स्टेंड नाही, कुठला शब्द फिका पडला नाही. जागा होती. लागूनच होती. छत्तीस वर्षं अलीकडे होती.

मग टेबल. तीन फूट काळपट, हिच्या हाताच्या तेलाने गुळगुळीत झालेलं. दोन फूट तसंच, पिवळं, कालच कापल्यासारखं. कापल्या कडा जुळवल्या. लाकूड आपली रेघ विसरत नाही, एकेक शीर समोरासमोर आली. खुंट्या मारल्या, सरस लावला, शिकंज्यात आवळलं. सांध्यावर बोट फिरवलं. लागत नाही. पण रंग वेगळा दिसतो. तो दिसणार.

ही आली. दारातच थांबली. पिशवी खाली ठेवली नाही. भिंतीकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, मग टेबलाशी जाऊन पिवळ्या भागावर तळवा ठेवला.

म्हणाली, "आठ दिवस झाले वाटतं."

मी म्हटलं, "झाले."